प्रोसिजर रूमच्या दारावर हवेचा हिशेब लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या भागातल्या दवाखान्यांच्या खिडक्या बंद होऊ लागतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात वाऱ्या-पावसाचा मारा इतका असतो की ताडपत्री लावण्यावाचून गत्यंतर नसते. बेळगाव शहरात आणि निपाणी-चिकोडीकडे नव्याने बांधलेल्या नर्सिंग होममध्ये स्प्लिट एसीपायी त्या वर्षभर बंदच असतात. अशाच बंद खोल्यांत क्षयाच्या, न्यूमोनियाच्या रुग्णांना सक्शन दिले जाते म्हणजे घशातला स्राव यंत्राने ओढला जातो, नेब्युलायझर लावला जातो, श्वासनलिकेत नळी घातली जाते, तपासणीसाठी बेडका काढला जातो. त्या वेळी रुग्णाच्या तोंडून निघालेली हवा शेजारी उभ्या असलेल्या सिस्टर, ब्रदर, भूलतज्ज्ञ आणि आया पुढचा तासभर आत घेत राहतात.

आमची मागणी साधी आहे. अशा प्रत्येक खोलीच्या दारावर तीन आकडे लिहावेत : खोलीचे घनफळ, तासाला हवा किती वेळा बदलते, आणि प्रोसिजर संपल्यावर किती मिनिटे मास्कशिवाय आत जायचे नाही.

क्षय, गोवर, कांजिण्या हे हवेतून पसरणारे आजार. कोविडनेही हाच रस्ता धरला. खोकताना उडालेला मोठा थेंब चार-सहा फुटांत खाली पडतो. बारीक कण मात्र सुकून ५ मायक्रॉनहूनही लहान होतात आणि बिडीच्या धुरासारखे खोलीभर पसरून तरंगत राहतात. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे क्षयाच्या वॉर्डातली हवा नळावाटे वर ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडून पाहिली होती. रुग्ण आणि प्राणी कधीही एकमेकांसमोर आले नाहीत, तरी त्या प्राण्यांना क्षय झाला. ज्या गटाकडची हवा आधी अतिनील किरणांखालून नेली होती, तो गट वाचला. लादी पुसून, पलंग पुसून किंवा रात्री फॉगिंग करून हा धोका जात नाही, तो यामुळे. फॉगिंग रात्री होते, सक्शन दुपारी होते.

कोणती कामे जास्त जोखमीची, यावर बराच अभ्यास झाला आहे. २००३च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीतल्या नोंदींचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात नळी घालताना हजर असलेल्यांना लागण होण्याचे प्रमाण इतरांच्या ६.६ पट आढळले. श्वासनलिकेला छेद देणे, मास्क लावून दाबाने श्वास देणे, नळी घालण्याआधी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) दाबणे हीही त्याच यादीत होती. पुढे कोविडच्या काळात प्रत्यक्ष कण मोजले गेले, तेव्हा नीट भूल दिलेल्या रुग्णात नळी घालण्यापेक्षा एका खोकल्यातून जास्त कण उडतात असे दिसले. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. ‘नळी घालणाऱ्या डॉक्टरलाच एन-९५, बाकीच्यांना साधा मास्क’ हा अनेक ठिकाणी चालणारा नियम चुकीचा आहे. खोकणाऱ्या रुग्णाजवळ बंद खोलीत जो कोणी थांबतो, त्या प्रत्येकाला एन-९५ हवा.

आता हिशेब. १२ फूट लांब, १४ फूट रुंद, १० फूट उंच खोलीचे घनफळ १,६८० घनफूट, म्हणजे सुमारे ४८ घनमीटर. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर २८८ घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. १२ वेळा हवी तर त्याच्या दुप्पट. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या रुग्णाला ठेवण्याच्या नव्या खोलीत १२, जुन्या खोलीत किमान ६, असा अमेरिकी रोगनियंत्रण केंद्राचा दंडक आहे. आपल्या केंद्रीय आरोग्य खात्यानेही २०१० साली रुग्णालयांतल्या हवेविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या पुन्हा कपाटातून काढाव्यात.

एक्झॉस्ट पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा मात्र धरू नये. तो समोर कुठलाही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, झडप आणि धुळीचा थर यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह पुष्कळ कमी भरतो. तो मोजायला हातात धरायचा ॲनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, मिळतो. ९ इंची पंख्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ साधारण ०.०४ चौरस मीटर. तोंडावर निदान नऊ ठिकाणी वेग मोजून सरासरी काढायची, आणि मधल्या मोटारीसमोरचा कमी वेगही त्यात धरायचा. सरासरी सेकंदाला २ मीटर आली तर ०.०४ गुणिले २ गुणिले ३,६०० म्हणजे तासाला २८८ घनमीटर. वरच्या खोलीसाठी बरोबर ६ बदल. वेग १ मीटरच आला तर ३.

थांबायची मिनिटे काढायला एकच आकडा लक्षात ठेवावा : २७६. त्याला तासाच्या बदलांनी भागले की हवेतले ९९ टक्के कण जायला लागणारी मिनिटे मिळतात. १२ बदल असतील तर २३ मिनिटे, ६ असतील तर ४६, आणि २ असतील तर १३८, म्हणजे सव्वादोन तासांहून जास्त. ९९.९ टक्के हवे असतील तर २७६च्या जागी ४१४ घ्यावेत. यात हवा खोलीभर नीट मिसळते असे गृहीत धरले आहे. कपाट, पडदा यांआड कोपरे साचलेले असतील तर वेळ त्याहून जास्त लागतो. ही मिनिटे रुग्णाला बाहेर नेल्यापासून मोजायची. तो खोलीतच खोकत बसला असेल तर घड्याळ सुरूच होत नाही.

आणि ही मिनिटे सर्वांत आधी कोणाला लागू व्हायला हवीत? रुग्ण बाहेर पडताक्षणी बादली घेऊन आत जाणाऱ्या आयाला आणि सफाई कामगाराला. डॉक्टर तोवर निघून गेलेले असतात. मास्कवाटपाच्या यादीत या दोघांचे नाव शेवटी असते किंवा नसतेच. खोलीतली हवा सगळ्यांत वाईट असते नेमक्या त्या वेळी त्यांना आत धाडणे अन्यायाचे आहे.

पंखा लावूनही काम का होत नाही, याची कारणे ठरलेली आहेत. पंख्याला लागूनच खिडकी उघडी असते, मग पंखा बाहेरचीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि खोलीतली जागच्या जागी राहते. किंवा उलट, खोली इतकी घट्ट बंद असते की बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी यायला हवाच नसते. पंख्याचा आवाज येत राहतो, प्रवाह मात्र नसतो. यासाठी पंख्याच्या समोरच्या बाजूला, दाराच्या खाली किंवा भिंतीत जाळी हवी. पंखा रुग्णाच्या उशाजवळच्या बाजूच्या भिंतीत, शक्यतो खालच्या अंगाला असावा. हवा आधी कर्मचाऱ्यांकडून, मग रुग्णावरून आणि तिथून थेट बाहेर गेली पाहिजे. पायाकडून डोक्याकडे वारा सोडणारा स्टँड फॅन लावला की हे सगळे उलटे होते, कारण उशाशी उभा असलेला माणूस रुग्णाच्या श्वासाच्या नेमका वाटेत येतो. पंख्याचे बाहेरचे तोंड ओपीडीच्या व्हरांड्यात किंवा नातेवाईक बसतात त्या पॅसेजमध्ये उघडत असेल तर आजार एका दारातून काढून दुसऱ्या दारात ठेवल्याप्रमाणे होते. ते तोंड माणसांच्या वावरापासून आणि इतर खिडक्यांपासून निदान २५ फूट दूर असावे.

वाऱ्याची दिशा तपासायला यंत्र लागत नाही. दार बंद करून फटीपाशी बाहेरच्या बाजूने पेटती उदबत्ती धरावी, ऑक्सिजन जवळपास नसल्याची खात्री करून. धूर आत ओढला गेला तर ठीक. बाहेर ढकलला गेला तर खोलीतली हवा पॅसेजमध्ये येते आहे, आणि सरळ वर गेला तर ती आत ओढली जात नाही. ही तपासणी रोज सकाळी व्हावी. वीज गेली की जनरेटरवर दिवे आणि मॉनिटर चालतात, एक्झॉस्ट पंखा त्या लाइनवर घेतलेलाच नसतो, हेही वायरमनला दाखवून द्यावे.

स्प्लिट एसीबद्दल मोठा गैरसमज आहे. तो बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. त्याची जाळी धूळ अडवते, जंतूंचे कण नाही. हेपा फिल्टरचा (बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर काही प्रमाणात उणीव भरून काढतो. त्याच्या खोक्यावरचा स्वच्छ हवेचा आकडा तासाला ३०० घनमीटर असेल तर वरच्या खोलीत साधारण ६ बदलांइतके काम होते. पण तो आकडा सर्वांत वेगवान बटणावरचा असतो. आवाज होतो म्हणून पंखा एकवर ठेवला की हिशेब कोसळतो.

उलट जुन्या इमारतींकडे आपण कमीपणाने बघतो. उंच छत, समोरासमोर खिडक्या, वर झरोके. पेरू देशातल्या लिमा शहरात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दारे-खिडक्या उघडल्यावर तासाला २८ वेळा हवा बदलत होती, ५० वर्षांहून जुन्या वास्तूंत ४० वेळा आणि नव्यांत १७ वेळा. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा. आपल्याकडच्या जुन्या सरकारी दवाखान्यांत नूतनीकरणाच्या नावाखाली फॉल्स सीलिंग बसवून झरोके बुजवू नयेत. पावसाचा प्रश्न रुंद छज्जा आणि तिरक्या पट्ट्यांची लाकडी किंवा ॲल्युमिनियमची झडप लावून सुटतो. पाणी अडते, वारा चालू राहतो.

ऑपरेशन थिएटरची गोष्ट वेगळी आहे. तिथे जखमेत धूळ जाऊ नये म्हणून हवेचा दाब मुद्दाम बाहेरपेक्षा जास्त ठेवतात. उघड्या क्षयाच्या, म्हणजे खोकल्यातून जंतू बाहेर टाकणाऱ्या, रुग्णाला तिथे नळी घातली तर ती हवा दाराच्या फटीतून रिकव्हरी रूममध्ये आणि पॅसेजमध्ये ढकलली जाते. असा रुग्ण यादीत शेवटी घ्यावा, नळी शक्य असेल तर कमी दाबाच्या वेगळ्या खोलीत घालावी, दारे बंद ठेवावीत आणि पुढच्या माणसाने आत पाऊल टाकण्याआधी दारावरची मिनिटे पुरी होऊ द्यावीत.

मास्ककडे आता येतो, कारण लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे ९५ टक्के कण अडवणारे कापड. चेहऱ्याच्या कडेने हवा शिरत असेल तर कापड कितीही चांगले असून उपयोग नाही. खरेदी करताना आयएस ९४७३ हा मानक क्रमांक, एफएफपी-२ हा दर्जा आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा, किंवा टीसी-८४ए ने सुरू होणारा अमेरिकी मान्यता क्रमांक. नुसते ‘एन-९५’ छापलेले, कानात अडकवायचे मास्क घाऊक दराने मिळतात. कानाच्या दोऱ्या चेहऱ्यावर पुरेसा दाब देत नाहीत. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्या हव्यात, एक माथ्यावर आणि एक कानांखाली मानेवर. त्या एकमेकींवर फुलीसारख्या टाकल्या की गालांजवळ फट पडते. आपल्याकडे एकाच मापाची खोकी मागवली जातात आणि लहान चेहऱ्याच्या सिस्टरना ती सैल होतात. दोन-तीन कंपन्यांची, दोन मापांची थोडी थोडी घ्यावीत.

कोणाला कोणता बसतो हे सॅकरिनच्या चाचणीतून कळते. आधीची १५ मिनिटे पाण्याखेरीज काही खायचे-प्यायचे नाही. डोक्यावर पारदर्शक टोपी घालून सॅकरिनचा सौम्य फवारा आत मारायचा. फवारा १०, २० की ३० वेळा दाबल्यावर गोड लागते ते नोंदवायचे. तीसनंतरही लागले नाही तर कडू चवीचे द्रावण वापरायचे. मग मास्क चढवून तीव्र द्रावण तितक्याच वेळा दाबून सोडायचे आणि दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे. तेवढ्यात माणसाने एकेक मिनिट साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणे, कमरेत वाकणे आणि पुन्हा साधा श्वास असे करायचे. मध्येच गोड लागले की तो मास्क त्या चेहऱ्यासाठी नाही. माणसामागे वीसेक मिनिटे जातात. वर्षातून एकदा, आणि मास्कची कंपनी बदलली किंवा वजन फार बदलले तर पुन्हा करावी. दाढी असलेल्या ब्रदरना घट्ट बसणारा मास्क कधीच नीट बसत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. मास्क सॅनिटायझरने पुसू नये, धुऊ नये. तंतूंवरचा विद्युतभार त्यामुळे जातो आणि उरते ते नुसते कापड.

प्रोसिजरमधल्या काही चुका आम्हाला वारंवार दिसतात. अंबू बॅग आणि तोंडावरचा मास्क यांच्यामध्ये फिल्टर नसतो. नळी घातल्यावर फिल्टर व्हेंटिलेटरच्या टोकाला लावतात, मग ट्यूब सोडवली की रुग्णाचा श्वास थेट खोलीत येतो. फिल्टर नळीलाच लागून हवा आणि सोडवताना नेहमी फिल्टरच्या पलीकडे सोडवायचे. त्याआधी व्हेंटिलेटर स्टँडबायवर घ्यायचा आणि नळीला चिमटा लावायचा. गरम पाण्याचा ह्युमिडिफायर चालू असेल तर ओलावा धरणारा फिल्टर त्याच्यासोबत लावू नये, तो भिजून श्वासाला अडथळा होतो. ऑक्सिजन देताना मास्क दोन्ही हातांनी दाबून ३ ते ५ मिनिटे धरावा. स्नायू शिथिल करणारे औषध पुरते लागू होण्याआधी घाई केली तर रुग्ण खोकतो, आणि सगळी खबरदारी त्या एका खोकल्यात जाते. त्यासाठी रोक्युरोनियम किलोमागे १.२ मिलिग्रॅम दिले असेल तर निदान मिनिटभर थांबावे. नळी आत गेली की आधी कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवायचा, मगच बॅग दाबायची. कफचा दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका असावा. नळी बरोबर जागी आहे हे कॅप्नोग्राफवर, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, पाहावे. स्टेथोस्कोप लावायला वाकले की चेहरा रुग्णाजवळ जातो.

२०२० साली डोक्यावर ठेवायच्या ॲक्रिलिकच्या पेट्या बऱ्याच ठिकाणी आल्या. हवा ओढून घेण्याची सोय नसलेल्या या पेट्यांची तातडीची परवानगी अमेरिकी औषध प्रशासनाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काढून घेतली. हातांच्या भोकांतून हवा नळी घालणाऱ्याच्या तोंडावरच येते आणि काम लांबते. कुठे अजून जपून ठेवल्या असतील तर त्या काढून टाकाव्यात.

सक्शनसाठी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला बंद पद्धतीचा कॅथेटर वापरावा, म्हणजे दर वेळी नळी सोडवावी लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यांत फिरते सक्शन मशीन असते. ते जी हवा खेचते ती मागून खोलीतच सोडते, याकडे कोणाचे लक्ष नसते. बाटली आणि पंप यांच्यामधला जंतू अडवणारा फिल्टर काढून टाकलेला नाही ना, बाटली काठोकाठ भरून तो भिजला नाही ना, ते पाहावे. दम्याच्या रुग्णाला, श्वास फार वाईट नसेल तर, नेब्युलायझरऐवजी तोंडाने ओढायचा पंप (इनहेलर) आणि त्याला जोडायची नळकांडी (स्पेसर) द्यावी, सॅल्ब्युटामॉलचे ४ ते ८ पफ एकेक करून. बेडका देण्यासाठी रुग्णाला शौचालयात पाठवण्याची पद्धत तर ताबडतोब बंद करावी. ती दवाखान्यातली सर्वांत कोंदट जागा. मोकळ्या अंगणात, वारा जिकडे वाहतो त्या बाजूला कोणी नसताना बेडका घ्यावा, पावसात उघड्या बाजूंच्या पत्र्याच्या शेडखाली.

खानापूरहून बेळगावला, अथणी-रायबागहून मिरजेला, निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या अँब्युलन्स हीही छोटी बंद खोलीच. एसीचे बटण आतलीच हवा फिरवण्यावर नव्हे, बाहेरची हवा घेण्यावर असावे. मागचा एक्झॉस्ट चालू, चालकाच्या पाठीमागची काच बंद, आणि चालकालाही एन-९५.

जिल्हा आरोग्य खात्याला आणि खासगी रुग्णालयांच्या चालकांना आमचे सांगणे एवढेच की, दारावरचा फलक कन्नड आणि मराठी दोन्हींत लावावा, कारण आत पुसायला जाणाऱ्या बाईंना तो वाचता आला पाहिजे. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीच्या तपासणीत हे तीन आकडे विचारले जावेत. मोजणीला लागणारा ॲनिमोमीटर तालुक्याला एक पुरतो, तो एका दवाखान्यातून दुसऱ्याकडे फिरवता येतो, आणि एका खोलीला अर्धा तास लागतो. मोजणी खिडक्या बंद करून, पावसाळ्यात खोली जशी असते तशीच ठेवून करावी, आणि मिरगाच्या आधी करावी.

आपले,
भूल, अतिदक्षता, परिचर्या आणि वैद्यकीय उपकरणे या विभागांत काम करणारे काही जण, बेळगाव